मोडी, बोरू आणि टॅबलेट: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारात कोणाकडे गणपतीला गेलं, नाहीतर रावपुऱ्यात कोणी ओळखीचं भेटलं की हेच प्रश्न येतात, आणि उभ्याउभ्या उत्तर देताना निम्मं सांगायचं राहूनच जातं. म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढलंय. काही प्रश्न मावश्या-काकांचे आहेत, काही कॉलेजच्या मुलांचे. ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय.

अगं, पण तू नक्की करतेस काय?

कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन, आम्ही त्याला एचसीआय म्हणतो, या दोन विषयांच्या मधोमध माझा रिसर्च आहे. ग्राफिक्सवाले बघतात की स्क्रीनवर चित्र उमटतं कसं. एचसीआयवाले बघतात की समोर बसलेल्या माणसाला ते वापरता येतंय का, तो अडतोय कुठे, हात दुखतोय का, कंटाळून मधेच सोडून देतोय का. मी यातलं हाताने लिहिणं एवढंच धरलंय. मोडी ही जुनी मराठी लिपी बोरूने, म्हणजे टोक कापलेल्या लेखणीने कशी लिहायचे, हाताची ती चाल कॉम्प्युटरमध्ये कशी पकडायची, आणि आज कोणाला मोडी शिकायची असेल तर टॅबलेटवर गिरवता गिरवता ती वाचता कशी यायला लागेल, हे माझं काम.

गिरवणं हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवूनच शिकायची, आधी हात आणि मग डोळा. अक्षर म्हणजे नुसता आकार नव्हे, ती हाताची एक चाल आहे, आणि कॉम्प्युटरने आकार तेवढा ठेवला आणि चाल टाकून दिली, यावर माझा सगळा रोख आहे.

म्हणजे मोडीचा फॉन्ट बनवतेस का?

नाही. मोडीचे फॉन्ट आहेत, 2014 मध्ये युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीच्या, 7.0 आवृत्तीत मोडी आली, तेव्हापासून मोडी अक्षरांना प्रत्येकी स्वतःचा नंबर आहे आणि नोटो सॅन्स मोडीसारखा फॉन्ट कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. हे काम करणाऱ्यांचे खरंच उपकार आहेत, त्याशिवाय मोडी टाइपच करता आली नसती. पण फॉन्टमध्ये अक्षराची बाहेरची कड असते, बाह्यरेषा म्हणा. ‘क’ कुठून सुरू झाला, हात कुठे वळला, कुठे न उचलता पुढच्या अक्षरात गेला, यातलं काहीच त्यात नसतं. आणि मोडीत नेमकं तेच सगळं असतं हो.

कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड नूथनी 1970 च्या दशकाच्या शेवटी मेटाफॉन्ट नावाची सिस्टिम लिहिली तिच्यात वेगळा विचार होता, पेनचं टोक कसं आहे ते सांगा, कुठल्या वाटेने फिरवायचं ते सांगा, अक्षर आपोआप तयार होईल. पुढे 1991 मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी नेदरलंड्समध्ये बसून त्याच पद्धतीने देवनागरी केली. जगाने पुढे बाह्यरेषावाला रस्ता धरला कारण तो डिझायनर लोकांना सोपा पडतो, पण मला नूथचा रस्ता मोडीसाठी जास्त जवळचा वाटतो.

कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणजे गेम आणि अ‍ॅनिमेशन ना?

तेही आहेच. पण सुरुवात पेननेच झाली होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. 1963 मध्ये आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, त्यात प्रकाशाचं पेन थेट स्क्रीनवर टेकवून रेषा काढायच्या, वर्तुळं काढायची, आणि ‘या दोन रेषा समांतर ठेव’ असं सांगितलं की मशीन त्या समांतर ठेवायचं. माउस लोकांनी बघितला तो त्याच्यानंतर, डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीर दाखवला. म्हणजे कॉम्प्युटरवर हाताने काढणं हे काही आजकालचं फॅड नाही, मूळच ते आहे. आणि बघा, ग्राफिक्स आणि एचसीआय तेव्हा वेगळे नव्हतेच, स्केचपॅड दोन्हीकडे आपला पूर्वज म्हणून शिकवतात.

मोडीच का? आणि बडोद्यात बसून का?

1734 मध्ये बडोदा गायकवाडांकडे आलं, त्यानंतरचा जुना कारभार मराठीत चालायचा आणि मराठी कारभार म्हणजे मोडी. सनदा, हिशेब, इनामाचे कागद, नेमणुकांची पत्रं. सरकारी दप्तरात तर आहेतच पण आपल्या घराघरांतही आहेत, वाडी भागात किंवा रावपुऱ्यात कुठलाही जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघते आणि पेटीत मोडीचे कागद निघतात. घरात कोणालाच वाचता येत नाहीत. आमच्याही घरी निघाले. आजोबा म्हणायचे की हे जमिनीचे कागद आहेत, वाचून घेतले तर ती कोणाच्या तरी बारशाला आलेल्या आहेराची यादी होती, कोणी किती दिलं, खण किती, नारळ किती. जमीन नाही निघाली पण पणजीच्या माहेरच्या लोकांची नावं निघाली, जी आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, तिथून हे डोक्यात बसलं ते बसलंच.

मोडी हेमाडपंतांनी आणली असं परंपरेने सांगतात, ते 13 व्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे मंत्री होते. खरं किती ते इतिहासाचे लोक भांडत बसतात, मी त्यात पडत नाही. पुढे छापखाने आले, खिळे पाडायला बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, सोयीची पडली, आणि मोडी हळूहळू मागे पडली, तरी साधारण 1950 पर्यंत शाळेत शिकवायचे. म्हणजे जिने लहानपणी बोरू धरलाय अशी एखादी आजी अजून भेटते. दहा वर्षांनी भेटणार नाही. मला घाई आहे ती त्याचीच.

मोडीत असं वेगळं काय आहे? आपली देवनागरीसारखीच तर दिसते.

लिहिण्याचा क्रमच उलटा आहे. बाळबोधमध्ये आपण अक्षरं काढतो आणि मग वरून शिरोरेषा देतो. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्या खाली अक्षरं लटकवत जायची, हात शक्य तितका न उचलता. शब्दांच्या मध्ये जागा नाही. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक पाळलेला नसतो, एकच वेलांटी आणि एकच उकार. हे सगळं कशासाठी, तर वेग. कारकुनाला दिवसाला ढीगभर कागद उतरवायचे असत.

(आपल्या बडोद्यातली मुलं शाळेत गुजराती लिहितात आणि गुजरातीला शिरोरेषाच नाही, त्यामुळे घरी मराठी लिहिताना ती रेघ द्यायला विसरतात. माझी भाची तर अर्ध्या शब्दाला देते आणि अर्ध्याला नाही. तिला मोडी शिकवली तेव्हा ती म्हणाली हे बरं आहे, रेघ आधीच काढून मोकळं व्हायचं.)

पेन स्क्रीनवर फिरवलं की आत नेमकं होतं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्हाला दिसते ती सलग रेघ, पण टॅबलेटला मिळतात ते सुटे ठिपके. सेकंदाला शंभर-दोनशे वेळा तो विचारतो पेन कुठे आहे, किती दाबलंय, किती कललंय. हात भरभर चालला की ठिपके लांब लांब पडतात, नुसते सरळ रेषांनी जोडले तर गोलाई जाऊन कोपरे येतात आणि मोडीची सगळी शोभा जाते. म्हणून त्या ठिपक्यांतून वक्र काढायचा. याला बरेच रस्ते आहेत, मी कॅटमल-रॉम नावाचा वक्र वापरते, 1974 चा आहे, त्याचा गुण असा की तो प्रत्येक ठिपक्यातूनच जातो. बेझिए वक्र जास्त प्रसिद्ध आहे, रेनो या मोटार कंपनीत पिअर बेझिए यांनी गाड्यांचे पत्रे आखायला तो वापरला आणि आज सगळे फॉन्ट त्यावर चालतात, पण त्यात मधले बिंदू रेघेच्या बाहेर असतात, हाताच्या ठिपक्यांवरून थेट बसवायला तो आडवा येतो.

त्याच्या आधी एक भानगड असते, ती म्हणजे थरथर. थोडी हाताची, थोडी टॅबलेटच्या सेन्सरची. ती गाळायची तर मागच्या काही ठिपक्यांची सरासरी घ्यावी लागते, आणि सरासरी घेतली की रेघ हातामागे पडते. गाळणी घट्ट केली तर रेघ रेंगाळते, सैल केली तर रेघ थरथरते. 2012 मध्ये वन युरो फिल्टर म्हणून एक सुटसुटीत युक्ती आली, हात हळू चालत असेल तेव्हा घट्ट गाळ आणि जोरात चालत असेल तेव्हा सैल सोड, कारण हळू असताना माणसाला थरथर खुपते आणि जोरात असताना मागे पडणं खुपतं. इतकी साधी गोष्ट आहे, कोड एका पानात मावतो, आणि मला ते वाचून खूप आनंद झाला होता कारण त्यात गणिताइतकाच माणसाचा विचार आहे.

मग येतं टोक. बोरूचं टोक गोल नसतं, चपटं कापलेलं असतं. समजा टोक 2 मिलिमीटर रुंद आहे. हात टोकाच्या चपट्या कडेच्याच दिशेने सरकला तर केसासारखी बारीक रेघ, त्या कडेला काटकोनात सरकला तर पूर्ण 2 मिलिमीटरची जाड रेघ, आणि 30 अंशात सरकला तर बरोबर निम्मी, 1 मिलिमीटर. शाळेत साइन शिकलो ना, तेच. म्हणजे जाड-बारीक दाबावर फारसं नाही, दिशेवर ठरतं. बहुतेक ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये जाडी दाबावर बांधलेली असते, म्हणून त्यात कितीही जीव ओतून मोडी लिहा, ती मोडीसारखी दिसतच नाही. चुकतो तो हात नाही, अ‍ॅपने टोकच चुकीचं दिलेलं असतं.

शेवटी शाई. बोरू वळणावर मंदावतो, आणि जिथे मंदावतो तिथे शाई साचते. हात वळणावर किती मंदावतो याचाही नियम सापडलाय, 1983 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मांडला, वेग वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे वळण 8 पट मोकळं असेल तर हात 2 पट जोरात जातो. मला याचा फायदा उलट्या बाजूने होतो, जुन्या कागदावर शाई कुठे गडद आहे ते बघून हात कुठे रेंगाळला असेल ते ताडायचं. शिवाय लिहिता लिहिता बोरू कोरडा होत जातो आणि मग दौतीत बुडवला की एकदम काळंभोर अक्षर येतं. फिकं, फिकं, फिकं आणि मग काळं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचा श्वासच म्हणा ना तो.

टॅबलेटवर लिहिताना रेघ पेनच्या मागे राहते, ते माझं टॅबलेट खराब आहे म्हणून का?

खराब नाही, सगळ्यांचीच राहते, कमी-जास्त. सेन्सरने वाचायचं, सॉफ्टवेअरने हिशेब करायचा, स्क्रीनने रंगवायचं, यात वेळ जातो. हात सेकंदाला 20 सेंटिमीटर चालत असेल आणि सगळं मिळून 50 मिलिसेकंद लागत असतील तर रेघ पेनच्या 1 सेंटिमीटर मागे असते. एक सेंटिमीटर! मोडीचं अख्खं अक्षर मावलं त्यात. 2012 मध्ये काही प्रयोग झाले होते, त्यात बोटाने वस्तू ओढताना लोकांना अगदी दोन-तीन मिलिसेकंदांचा उशीरसुद्धा कळत होता. आता चांगले टॅबलेट पेन पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधून आधीच थोडी रेघ काढून ठेवतात, सरळ रेघेला ते छान जमतं पण मोडीत हात एकदम आत वळतो, तिथे अंदाज चुकतो आणि रेघेला क्षणभर शेपूट फुटून नाहीशी होते. मी अंदाज वळण लागेपर्यंतच ठेवते, वळण आलं की बंद. दिसायला रेघ जरा मागे राहते, पण खोटी शेपूट दिसत नाही, आणि शिकणाऱ्याला खोटं दाखवण्यापेक्षा उशिरा दाखवलेलं बरं असं माझं मत आहे. यावर आमच्या ग्रुपमध्ये एकमत नाहीये.

तुम्ही माणसांवर प्रयोग करता म्हणे?

माणसांवर नाही हो काका, माणसांबरोबर! आपण केलेली वस्तू माणसाच्या हातात द्यायची आणि गप्प बसून बघायचं. गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड. समोरचा अडला की ‘इथे दाबा’ असं तोंडाशी येतं, ते गिळायचं, कारण उद्या तो एकटा असेल तेव्हा मी तिथे नसणार.

आधी लेखी संमती घेतो, मराठीत किंवा गुजरातीत, कधीही उठून जाता येईल हे सांगतो, नाव कुठेही येत नाही.

एक अनुभव सांगते. नव्वदीला टेकलेल्या एक आजी, लहानपणी शाळेत मोडी शिकलेल्या. मी त्यांना मोडीचा कागद दाखवला तर म्हणाल्या नाही गं, आता काही आठवत नाही. मग टॅबलेट आणि पेन दिलं. त्यांनी काय केलं असेल, तर पहिल्यांदा न सांगता डावीकडून उजवीकडे पूर्ण स्क्रीनभर रेघ ओढली. आणि त्या रेघेखाली हात आपोआप चालायला लागला, ‘श्री’ झाला, पुढे स्वतःचं माहेरचं नाव झालं. डोळ्याला आठवत नव्हतं ते हाताला आठवत होतं. मी टिपणं घ्यायची विसरले त्या दिवशी.

पण लगेच दुसरं झालं. त्यांचा तळवा काचेवर टेकला आणि स्क्रीनवर भलत्याच रेघा उमटल्या, टॅबलेट तळव्यालाच बोट समजलं. कोणीतरी त्यांना सांगितलं आजी हात वर धरा. त्या हात अधांतरी धरून लिहायला लागल्या आणि दोन ओळीत खांदा भरून आला, पेन ठेवून दिलं. ही चूक आजींची नव्हती, आमची होती. दुसऱ्या वेळी आम्ही स्क्रीनला सांगून टाकलं की फक्त पेन ऐक, बोटं-तळवा काहीच ऐकू नकोस, आणि टॅबलेट टेबलावर सपाट ठेवण्याऐवजी त्यांनी तो सरळ मांडीवर घेतला, उंचावलेल्या गुडघ्याला टेकवून, जसे जुने लोक बसून लिहायचे. मग आम्हाला कळलं की पेनचा कल आपण गृहीत धरलाय तो टेबलाचा आहे. मांडीवर तो वेगळाच येतो आणि त्याने टोकाचा कोन बदलतो, आणि कोन बदलला की जाड-बारीक सगळं बदलतं. म्हणजे बसण्याची पद्धत थेट ग्राफिक्सच्या गणितात शिरली. हे मला लॅबमध्ये बसून दहा वर्षांत कळलं नसतं.

असं विचारल्यावर लोक खरं सांगतात का?

आपली माणसं फार सभ्य आहेत. पाचपैकी किती मार्क द्याल म्हटलं की पाच देतात, मुलगी एवढी घरी आलीये, चहा घेतलाय, तिला वाईट कशाला वाटू द्यायचं. जॉन ब्रूक यांची 1986 ची एसयूएस म्हणून 10 वाक्यांची प्रश्नावली आहे, जगभर वापरतात, तिचं मराठी करूनही आम्हाला असेच गोड आकडे मिळाले. म्हणून मी आकड्यांपेक्षा वागणं बघते. पेन किती वेळा उचललं, कुठे थांबले, परत यायला सांगितलं तर आले का. आणि एक युक्ती, ‘तुम्हाला आवडलं का’ न विचारता ‘शेजारच्या काकूंना हे शिकवा’ असं सांगायचं. त्या काकूंना समजावताना जिथे म्हणतात ‘हे जरा असंच आहे बरं का, इथे दोनदा दाबायचं’, तिथे आमचं काम बाकी आहे.

पाच माणसं बघितली की पुरे, असं कॉलेजात शिकवलंय. खरंय?

अर्धं खरंय. नील्सन आणि लँडॉवर यांनी 1993 मध्ये हिशेब मांडला होता, एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी दाखवत असेल तर पाच जणांत साधारण 85 टक्के दिसतात. पण हे अडचणी शोधण्यापुरतं. ‘अ पेक्षा ब चांगलं’ असं सिद्ध करायचं असेल तर पाच अजिबात पुरत नाहीत. आणि तुमची पाचही माणसं इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधली असतील तर मग त्या 85 टक्क्यांना काही अर्थ नाही.

एआयला फोटो दिला की तो वाचून देईल की! मग हे सगळं कशाला?

हा प्रश्न आता रोजच येतो. मी एआयच्या विरोधात नाही, उलट वापरते. पण तो शिकतो उदाहरणांवरून, म्हणजे कागदाचा फोटो आणि त्याच्यासमोर जाणकाराने बसून लिहिलेलं बाळबोध वाचन, अशी हजारो जोड्यांची रास लागते. ती कोण करणार? मोडी वाचणारेच. आणि मोडी एक नाही, शिवकाळातली वेगळी, पेशवाईतली चिटणीशी वळणाची वेगळी, इंग्रजांच्या काळात टाकाने, म्हणजे धातूच्या टोकाच्या लेखणीने लिहिलेली आणखी वेगळी. त्यात शब्द तोडलेले नसल्यामुळे वाचायचं म्हणजे आधी भाषा कळायला पाहिजे.

आणि नुसती अक्षरं लागली म्हणजे कागद लागला असं होत नाही. तारीख असते सुहूर सनात, अरबी अंकांच्या शब्दांत, इसन्ने, सलास, अर्बा, खमस म्हणजे दोन, तीन, चार, पाच, मग पुढे मया व अलफ म्हणजे शंभर व हजार, त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. रक्कम असते उभ्या दांड्यांत, एक दांडा म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. मशीन दांड्याला कधी काना समजतं. आमच्याकडे एका कागदात असं झालं आणि सव्वाशे रुपये भलतेच झाले.

म्हणून मी वेगळं करते. मशीनने अंदाज सांगायचा, पण खात्री किती आहे तेही दिसलं पाहिजे. जिथे खात्री आहे तिथे अक्षर काळं, जिथे नाही तिथे फिकं, आणि त्या फिक्या अक्षरावर माणसाने पेनने गिरवून सांगायचं की मला हे असं वाटतं. गिरवलं की मशीनला नुसता आकार नाही, क्रम आणि दिशाही मिळते, आणि दोन दिसायला सारखी अक्षरं क्रमावरून चटकन वेगळी होतात. ओळखायला फार मोठं मॉडेलसुद्धा लागत नाही, 2007 मध्ये वन डॉलर रेकग्नायझर म्हणून एक पद्धत आली, रेघेवर सारख्या अंतराने 64 ठिपके घ्यायचे, फिरवून-ताणून एका मापात आणायचे आणि साठवलेल्या नमुन्यांशी अंतर मोजायचं, बस. मी त्यातलं फिरवणं काढून टाकलं कारण मोडीत अक्षर आडवं की उभं याला अर्थ आहे. आणि माणूस गिरवता गिरवता मोडी शिकतो हा यातला माझा खरा लोभ. दप्तर वाचून झालं आणि वाचणारा एकही उरला नाही, असं मला नकोय.

शाई उडालेल्या कागदाचं काही होतं का?

कधी कधी होतं. बोरूने किंवा टाकाने कागदावर बारीक चर पडलेला असतो, शाई गेली तरी तो राहतो. 2001 मध्ये एचपीच्या लॅबमधल्या टॉम माल्झबेंडर यांनी एक तंत्र मांडलं, आता त्याला आरटीआय, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग म्हणतात. कॅमेरा वर स्थिर ठेवायचा, कागद हलवायचा नाही, आणि उजेड वेगवेगळ्या बाजूने टाकत चाळीसेक फोटो काढायचे. बाजूला एक काळा चकचकीत गोळा ठेवायचा, त्याच्यावरच्या चमकीवरून उजेड कुठून आला ते कॉम्प्युटर ओळखतो. उजेडाचं अंतर सारखं राहावं म्हणून आम्ही टॉर्चला सुतळी बांधतो. मग स्क्रीनवर आपण हवा तिकडून उजेड टाकू शकतो, अगदी तिरका टाकला की चर उठून दिसतात. ताम्रपटाला तर हे फारच छान लागू पडतं. कागद गळून गेला असेल किंवा वाळवी लागली असेल तर मात्र इलाज नाही.

मुलीला यात जायचंय. आर्ट्सला घालू की इंजिनिअरिंगला?

ताई, आपल्या गावात हे दोन्ही वेगळे मानायचे कारणच नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते कला आणि तंत्र एकाच छपराखाली शिकवायला. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे 1949 मध्ये विद्यापीठ झालं, कलाभवनाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली आणि 1950 मध्ये फाइन आर्ट्स वेगळी सुरू झाली. मला स्वतःला इंजिनिअरिंगच्या वर्गात जितकं मिळालं तितकंच फाइन आर्ट्सच्या मैत्रिणींबरोबर कमाटीबागेत स्केचिंग करताना मिळालं.

तिला जे आवडेल तिथे घाला, पण दुसरी बाजू सुटू देऊ नका. गणितात लिनियर अल्जेब्रा पक्का हवा, व्हेक्टर आणि मॅट्रिक्स हे ग्राफिक्सचं गमभन आहे. प्रोग्रॅमिंगला सुरुवात ब्राउझरमध्येच वेबजीएलने करता येते, लगेच डोळ्यासमोर काहीतरी दिसतं म्हणून हुरूप टिकतो. थ्रीडीसाठी ब्लेंडर फुकट आहे. आणि रोज हाताने काहीतरी काढायला सांगा, रांगोळी चालेल, मेंदी चालेल. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांतून वक्र कसा जातो ते बोटाला कळतं, मग पुस्तकातला स्प्लाइन परका वाटत नाही.

पेपर कुठे छापता?

आमच्यात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त वजन आहे. ग्राफिक्सची सिग्राफ, 1974 पासून चालते, एचसीआयची सीएचआय, तिचा उच्चार ‘काय’ असा करतात. आपल्या देशात इंडिया एचसीआय आणि ग्राफिक्स-कॉम्प्युटर व्हिजनची आयसीव्हीजीआयपी भरते. रिव्ह्यू कडक असतो. मला एकदा एका रिव्ह्यूअरने विचारलं होतं की मोडी आज लिहितंच कोण, मग हे महत्त्वाचं का. मी तो पेपर परत लिहिला आणि पहिल्या पानावर त्या आजींनी ओढलेल्या रेघेचं चित्र टाकलं.

गुजराती चोपड्यांना हे चालेल का?

चालायला पाहिजे. जुन्या व्यापाऱ्यांच्या वहीत वाणियाशाही लिहिलेली असते, तिच्यात काना-मात्रा गाळलेल्या असतात, मोडीइतकंच डोकं लावावं लागतं. टोक आणि शाईचं गणित तेच राहील, अक्षरांचे नमुने नवे घ्यावे लागतील. कोणी गुजराती जाणकार बरोबर आला तर मला फार आवडेल.

आमच्या घरी मोडीचा कागद आहे. दाखवायचा तर कसा?

घडी जबरदस्तीने उघडू नका. पावसाळ्यात तर नकोच, हवा कोरडी झाली की बघू. सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर कृपा करून अजिबात करू नका, एकदा केलं की कागद कायमचा गेला. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद करून खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरका येईल असा, आणि शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. एक फोटो पूर्ण कागदाचा आणि मग जवळून तुकड्यातुकड्यांचे, थोडे एकमेकांवर येतील असे. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही काढा. लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडावर मागून शिक्का मारायची पद्धत होती, आणि शेवटी ‘मोर्तब सूद’ आहे की नाही तेही बघायचं असतं. घरात कोणी मोठं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवा, हातात पेन्सिल आणि एक कोरा कागद द्या, आणि काही विचारू नका.